एक बंदर जास्तीचं

आगाशीच्या बाजारात सुकेळीच्या पुड्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी माणसाच्या. रिटाबायच्या टोपलीतला तो शेवटचा पुडा होता. राजेळी केळी वाळवून केळीच्या सोपटात करकचून बांधलेली, आणि वास असा की दुपारचं जेवण विसरावं.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा. मी आधी हात लावला."

"हात लावून माल आपला होत असता तर माझी आई बाजारात भिकेला लागली असती. गिऱ्हाईकं दिवसभर पापलेटांना हातच लावत असतात."

तो हसला. ओठ मिटून, नुसत्या डोळ्यांनी. मला राग आलेलाच होता, त्यात आणखी भर पडली, कारण हसताना तो बरा दिसत होता.

"अहो, जहाजावर न्यायचीत मला. सगळ्या मेसला कबूल करून बसलोय."

"आणि मला जहाजावरच्याच एका साहेबाला भेट द्यायचीत. ऑफिसचं काम आहे. सोडा."

"साहेब फार खडूस आहे का?"

"बघितला नाही अजून. पण नेव्हीचा आहे म्हणजे असणारच."

त्यानं पुडा एकदम सोडला. असा सोडला की मी मागच्या घडांवर बसता बसता राहिले. रिटाबाय पदरात तोंड घालून हसत होती. "ने बाय, तुझ्या खडूस साहेबाला दे," म्हणाली. ती नंदाखालच्या झाडून सगळ्या माणसांना ओळखते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी पाचूबंदरची. आमच्या कोळीवाड्यात हळू बोलणाऱ्या बाईला लोक 'बरं वाटत नाही का गो' म्हणून विचारतात. शिकले, कॉम्प्युटरवर बसले, इंग्रजीत मेल लिहायला लागले, पण आवाज काही उतरला नाही. आमचं ऑफिस बोळींजला. काम असं, की परदेशी बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तिथली सगळी सोय लावायची. धक्क्यालगतची जागा, म्हणजे बर्थ. गोडं पाणी, ताजी भाजी, कचऱ्याची गाडी, खलाशांना गाव बघायला बस. प्रत्येक बंदरात आमचा एक एजंट असतो, त्याच्या डोक्यावर बसून मी हे करून घेते. त्या वर्षी नौदलाच्या तीन जहाजांच्या ताफ्याचं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. दक्षिण आफ्रिकेपर्यंत जायचं आणि परत यायचं.

"हे ताफ्याचे लॉजिस्टिक्स ऑफिसर," दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी ओळख करून दिली. "लेफ्टनंट जॅक्सन लोपीस. आपल्या नंदाखालचेच आहेत."

मी पुडा छातीशी धरून उभी. आणि पांढऱ्याशुभ्र गणवेशात — तोच!

"खडूस साहेब हजर आहे," तो माझ्यापुरतं पुटपुटला.

माझे कान तापले. मी पुडा त्याच्या हातावर आपटला. "घ्या. काल फुकट भांडलात."

"फुकट कुठं? तुमचं नाव अजून कळलं नाही, पण आवाज तर पाठ झाला."

"प्रिस्का कोळी. पाणी किती टन लागेल ते सांगा, बाकीचं पाठ नका करू."

पण त्यानं केलंच. पावसाळाभर ह्या ना त्या निमित्तानं त्याचे फोन यायचे. डर्बनला भाजी कोण देतो, मापुटोला कचऱ्याचा नियम काय... पुढं पुढं निमित्त लहान होत गेलं आणि फोन लांबत गेले. भाजीवर अर्धा तास बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं प्रेम जमलं ते रो-रोवर. हसायचं असेल तर हसून घ्या. वसईच्या जेट्टीवरून गाड्या आणि माणसं घेऊन भाईंदरला जाणारी ती बोट, खाडीपलीकडे जाते न जाते तोवर प्रवास संपतो. अख्खा हिंदी महासागर पालथा घातलेला माणूस सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत तीत बसायचा. भाईंदरला उतरायचं, चहा प्यायचा, त्याच बोटीनं परत.

"लेफ्टनंटसाहेब, उलटी नाही ना होणार?" मी विचारायची.

"वादळं बघितलीत मी."

"ती मोठ्या जहाजातून. ही आमची खाडी आहे. इथं माझ्या बापालासुद्धा भान ठेवावं लागतं."

"तुझ्याशेजारी बसून भान ठेवायचं म्हणजे..." वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या खांद्यावर गेली होती, ती मी काढून घेतली नाही. त्यानंही सरकवली नाही. आम्ही दोघंही किल्ल्याच्या तटाकडं बघत बसलो, जसं काही तट आम्हाला परीक्षेला होता.

एकदा भुरभुर पाऊस होता आणि बोटीवर दुसरं कुणी उतारू नव्हतं. तो रेलिंगला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "प्रिस्का... मी — म्हणजे आपण — हे असं किती दिवस..."

"टनांचे आकडे सांगताना अडखळत नाहीस. आता काय झालं?"

"पाणी नाही म्हणत नाही ना."

"आणि मी म्हणेन?"

"...म्हणशील?"

मी म्हटलं नाही. त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला, तेवढंच. बोट धक्क्याला लागली तेव्हा दोरी फेकणारा माणूस आमच्यावर ओरडला, "उतरा की आता!" आम्ही उतरलोच नाही. तसेच परत आलो.

आता एक सांगायला हवं. बाहेरच्याला वाटतं, दोघंही ख्रिस्ती, दोघंही वसईचे, मग अडचण कसली? अडचण ही, की ते बागायतदार आणि आम्ही कोळी. देऊळ एक, येशू एक, पण बोली वेगळी, जेवणावळी वेगळ्या, आणि सोयरीक म्हटलं की दोन्हीकडची तोंडं वाकडी. त्यात त्याची आई फ्लॉसी टीचर. अर्ध्या नंदाखालला त्यांनी पाढे शिकवलेले. आणि गंमत बघा, माझी आई मटिल्डा आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन तिकडं जाते, आणि टीचर वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घेतात. 'मटिल्डा, तुझ्या हातचाच पापलेट हवा,' असं म्हणायच्या.

"माझी मावसबहीण रोवेना," जॅक्सन सांगायचा, "तिनं नायगावच्या कोळ्याशी लग्न केलं, तर आई माझ्या मावशीशी बोलेना. सख्खी बहीण असून. तुला कल्पना नाही."

"मग तू सांगणार कधी?"

"सांगतो."

हा त्याचा ठेवणीतला शब्द. गणपती आले नि गेले, त्याचं जहाज ऑक्टोबरात निघालं, तोवर 'सांगतो'च चाललं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "जॅक्सन, मला हो किंवा नाही काहीतरी ऐकव. माझ्या आईनं कळून सवरून तोंड शिवलंय. ती तुझ्या आईच्या दारात बसून मासे कापते आणि काही बोलत नाही. तिला कसं होत असेल?"

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "परत आलो की पहिल्या दिवशी सांगतो. फोनवर नको. समोर बसून. मग लगेच लग्न. उपवासकाळ लागायच्या आत. शप्पथ."

त्या हातांवर मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं.

उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत. राखेचा बुधवार आला की थेट ईस्टरनंतर. आणि लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं वाचावी लागतात. मुलगा अमुक, मुलगी तमुक, कुणाची हरकत असेल तर कळवा. दोघांच्याही गावच्या देवळात. माझे बाबा मार्सेल, नाखवा माणूस, समुद्राशी बोलतील पण फादरशी बोलताना घाम फुटतो. ते धुतलेला शर्ट घालून फादर प्लासिडना भेटून आले.

"पोरगा पहिल्या घोषनेच्या आत येऊन सही करून गेला पायजे," बाबांनी येऊन सांगितलं. "नि टीचरला घरात आदी कळू दे. देवळात कळलं तर त्या चालू मिस्सा सोडून उटतील, फादर म्हनाले."

मी मनात हिशेब केला आणि गालातल्या गालात हसले. ताफा कधी पोचणार हे ह्या अख्ख्या कोळीवाड्यात फक्त मला माहीत होतं. परतीची आखणी माझ्याच टेबलावर होती. डर्बन, मापुटो, मोंबासा आणि मुंबई. पहिल्या घोषणेच्या आधी चांगला चार दिवसांचा अवकाश राहत होता. पण जहाज कुठं आणि कधी लागणार हे घरात बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

"कदी येतंय गो त्याचा जहाज?" आई विचारायची.

"येईल."

"एवडा पगार घेतं, नि जहाज कदी येल ते ठाव नाय? तुज्या बापाची होडी कदी येल ते मी वास घेऊन सांगतंय!"

तिनं जरीकाठी लुगडं घेऊन ठेवलं. हॉलवाल्याला शब्द दिला. मी परतीच्या बंदरांवर जेवढा जीव टाकला तेवढा आयुष्यात कशावर टाकला नव्हता. मापुटोत पाण्याची बार्ज अर्धा दिवस उशिरा येणार म्हणाली, तर मी तिथल्या एजंटला असं काही बोलले की ती दोन तास आधी आली. अर्धा दिवससुद्धा मला कुणाला द्यायचा नव्हता.

"तू ताफा नाही, मला ओढून आणतेयस," जॅक्सनचा मेसेज आला.

"अजून दोरी ताणलेली नाही. ताणली की कळेल."

"ताण की..."

त्या रात्री मी मूर्खासारखी उशीत तोंड घालून हसत झोपले.

आणि मग मोंबासाच्या आधी ताफ्याकडून नवा कार्यक्रम आला. मोंबासानंतर सेशेल्समधलं व्हिक्टोरिया बंदर, तीन दिवस. वाकडी वाट आणि मुक्काम धरून सरळ आठवडा वाढत होता.

मी त्याला फोन लावला. "हे काय नवीन?"

"वरून आलंय गं."

"वर कोण बसलंय? त्याला सांग, इथं एका पोरीची घोषणा हुकतेय. घोषणा हुकली की राखेचा बुधवार, बुधवार आला की ईस्टर. आणि ईस्टरनंतर तुझी विशाखापट्टणमला बदली!"

"मी काय करू, प्रिस्का? नेव्ही आहे ती."

त्याचा आवाज असा पडलेला, की मलाच त्याची दया आली. मी अख्ख्या नौदलाला मनसोक्त शिव्या घातल्या, आईला काही सांगितलं नाही, आणि व्हिक्टोरियातल्या आमच्या एजंटला, सेलिनला, फोन केला. सेलिन म्हणजे मध्यम वयाची, खळखळून हसणारी बाई. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघींच्याही तोडक्यामोडक्या.

"प्रिस्का, जागा नाही," ती म्हणाली. "त्याच दिवसांत मोठं क्रूझ जहाज येतंय. सरळ 'नाही' कळवून टाकू का?"

माझ्या काळजात लख्ख झालं. एजंटच नाही म्हणाली तर वरचा काय करणार? ताफा सरळ घरी! मी 'हो, कळव' म्हणणार, तोच ती पुढं बोलली.

"फक्त तुमच्या त्या गोड लेफ्टनंटचं वाईट वाटतं गं. नाताळ झाल्यापासून माझ्या मागे लागलाय. काहीही कर आणि आमची तीन जहाजं घे म्हणून. त्यांचे कमांडर तर थेट घरी निघाले होते. ह्यानंच त्यांना पटवलं, म्हणतो. एवढं काय आहे आमच्या बेटावर? कुणी मैत्रीण-बित्रीण?"

ती हसली. मीही हसले बहुतेक. फोन ठेवल्यावर मी किती वेळ स्क्रीनकडं बघत होते कुणास ठाऊक. त्यावर आफ्रिकेचा नकाशा होता आणि माझ्याच हातानं ओढलेली घरापर्यंतची रेघ.

ताफा मोंबासाला लागला त्या संध्याकाळी मी जेट्टीवर गेले आणि तिथून त्याला फोन केला. रो-रो गाड्या भरून घेत होती.

"वरून आलंय ना रे व्हिक्टोरिया?"

"हो... सांगितलं ना."

"सेलिन म्हणाली तू मागितलंस."

मला नुसता त्याच्याकडचा बंदरातला भोंगा ऐकू आला.

"बोल की, जॅक्सन. भाजीवर अर्धा तास बोलतोस."

"एक आठवडा, प्रिस्का. फक्त एक आठवडा हवा होता मला. घर जवळ यायला लागलं तसं... झोपच येईना. आई ऐकणार नाही."

"विचारलंस?"

"विचारायला कशाला हवं? आईला मी ओळखतो. रोवेनाच्या वेळी बघितलंय मी सगळं. ती माझ्याशी बोलायची बंद होईल. ती एकटी आहे गं..."

"आणि मी कोण? माझी आई लुगडं घेऊन बसलीय. माझा बाप फादरसमोर घामाघूम होऊन आला. तुला आठवडा हवा होता तर मला मागायचास! मी मापुटोत अर्ध्या दिवसासाठी माणसांच्या अंगावर धावून गेले रे. तुला लवकर आणायला! आणि तू तिकडून..." माझा आवाज चिरकला. बोटीवर चढणारी माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

"ऐक. ऐक ना," तो घाईनं म्हणाला. "सेलिन म्हणतेय ना जागा नाही? मग तू तसंच कळव. कायम कर ते. बर्थ नाही म्हटल्यावर ताफा सरळ मुंबईला येईल. मी वेळेवर पोचेन. मग... मग मला सांगावंच लागेल ना आईला. दुसरा रस्ताच राहणार नाही."

मला आधी कळलंच नाही तो काय बोलला. कळलं तेव्हा मी बोटीकडं पाठ फिरवली.

"म्हणजे मी तुझा रस्ता बंद करू, मग तू माझ्याकडं येणार."

"तसं नाही गं—"

"तसंच. तू दोन पायांवर चालत माझ्या दारात येणार नाहीस. मी बंदरं बंद करत करत तुला आणायचं. आणि लग्नानंतर? तेव्हा कुठली बंदरं बंद करू मी?"

"प्रिस्का, माझं प्रेम आहे तुझ्यावर. खरंच आहे."

"असेल," मी म्हटलं. "मला माहीत आहे, असेल. माझंही आहे, मेल्या, तेच तर दुखतंय."

त्या क्षणापर्यंत सगळं माझ्या हातात होतं. एक 'नाही' कळवलं असतं की पुरे. पहिली घोषणा झाली असती, सही झाली असती, आईनं लुगडं नेसलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं. मी घरी चालत गेले. वाटभर स्वतःला सांगत होते, कर गो, कर, लग्न होऊ दे, पुढचं पुढं. बायका ह्याहून किती कमी गोष्टींवर संसार करतात.

सकाळी ऑफिसात जाऊन मी सेलिनला फोन केला.

"जागा काढ," मी म्हटलं.

"अगं, क्रूझ—"

"क्रूझला अख्खा धक्का लागत नाही, एक जागा उरते. आमच्यातलं तेलाचं जहाज बाहेर नांगरावर ठेव. उरलेली दोन एकाच जागेत लाव. एक धक्क्याला आणि दुसरं त्याच्या अंगाला, दोऱ्या बांधून. आमच्या पाचूबंदरात होड्या तशाच लागतात, एकीला एक, कुणाचं काही बिघडत नाही. तुझ्या बंदरमास्तरला फोन दे. मी बोलते."

मी बोलले. चांगली तासभर बोलले. नकार त्यानं तीन वेळा दिला असेल, पण मी कोळ्याची पोर, घासाघीस माझ्या रक्तात. शेवटी तो हसायला लागला आणि हो म्हणाला. आमचे साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "प्रिस्का, कमाल केलीस! त्या लोपीसला आनंद होईल."

मी जॅक्सनला मेसेज टाकला. "व्हिक्टोरियाला बर्थ मिळाला. तीन दिवस. तू मागितलास तसाच. पाणी किती टन?"

दोन निळ्या खुणा उमटल्या. तो लिहितोय असं दिसलं, मग थांबला. पुन्हा लिहायला लागला, पुन्हा थांबला. मी श्वास धरून बसले होते, खोटं कशाला सांगू. तो आला असता तर... 'नको, मी सरळ येतो, कमांडरांना सांगतो' एवढं लिहिलं असतं तर मी सगळं गिळलं असतं.

उत्तर आलं. "दोनशे टन."

मी दोनशे टन कळवलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा ओट्यावर जाऊन फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले आणि धड असलेला भागच शिवत राहिले. आईनं त्याला, त्याच्या आईला, नौदलाला आणि मला, सगळ्यांना एका दमात झोडपलं आणि मग लुगडं पेटीत खाली, अगदी तळाशी ठेवलं. पहिल्या घोषणेच्या रविवारी फादर प्लासिडनी तीन जोड्यांची नावं वाचली. मी शेवटच्या बाकावर बसून ती ऐकली आणि प्रत्येकासाठी आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईचा खांदा धरला होता. मी म्हटलं, पाटी मी उचलते. खांद्याचं खरं, पण मला ते घर एकदा बघायचंही होतं. नंदाखालला नारळीच्या वाडीत, विहिरीला लागून बैठं घर. फ्लॉसी टीचर ओसरीवर आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर. त्याचे डोळे त्यांच्याकडूनच आलेले.

"मटिल्डा, ही तुझी मुलगी? केवढी मोठी झाली! जहाजांच्या ऑफिसात असतेस ना तू? मग सांग बाई, माझा जॅक्सन कधी येतोय?"

"आम्हाला सांगायची परवानगी नसते, टीचर."

"तोही तेच म्हणतो. काहीही विचारा, परवानगी नाही!" त्या पायरीवर बसल्या आणि पापलेट हातात घेऊन कल्ले बघायला लागल्या. "ह्याच्या लग्नाची फार काळजी आहे गं, मटिल्डा. नाताळच्या दिवशी फोन आला होता त्याचा. म्हटलं, बाबा, माझं वय झालं. कुणी असेल मनात तर सांगून टाक. बागायतदाराचीच हवी असा हट्ट नाही माझा."

आईचा कोयता माशावर थांबला.

"बहिणीशी अबोला धरून बघितला मी, त्या रोवेनाच्या लग्नापायी. काय मिळालं? आज दवाखान्यात मला रोवेनाच नेते, आणि तिचा नवरा, कोळी असून..." त्या एकदम थांबल्या, आईकडं बघून ओशाळल्या. "म्हणजे तुमच्यातलाच गं तो. सोन्यासारखा आहे पोरगा. तेच सांगितलं मी जॅक्सनला. कोळ्याची असली तरी आण, म्हटलं, मी स्वतः तिच्या घरी मागायला जाईन."

"मंग?" आईनं विचारलं. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "काय म्हनाला तो?"

"काय म्हणणार! म्हणाला, कुणी नाही, आई."

टीचरनी दोन मोठे पापलेट बाजूला काढले. एक फ्रीजमध्ये ठेवते, म्हणाल्या, तो येईल तेव्हाला. मी ते कागदात गुंडाळून दिले. आम्ही निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि 'गुणी आहे हो पोरगी' म्हणाल्या.

नाक्यावर बसची वाट बघत आम्ही उभ्या राहिलो. आईनं पाटी खाली ठेवली आणि माझ्या दंडाला धरून मला गदागदा हलवलं.

"फोन लाव त्याला! आत्ता लाव. सांग, तुजी आय तयार हाय, ती मागायला यायला तयार हाय! त्या बिचाऱ्याला ठावच नाय गो, तो उगीच घाबरून..."

"त्याला माहीत आहे, आय," मी म्हटलं. "नाताळापासून माहीत आहे."

आईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं माझं डोकं आपल्या पदरात ओढून घेतलं, मासळीचा वास, मिठाचा वास, आणि म्हणाली, "मंग रड ना गो, मेले. रड. कोन बगतंय?" बरेच जण बघत होते. बस आली, थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गेली. मी रडत होते. तीन जहाजं व्हिक्टोरिया सोडून घराकडं निघाली होती. परतीची सगळी आखणी माझीच होती, त्यामुळे त्या घटकेला ती नेमकी कुठं असतील तेही मला ठाऊक होतं.